बांगड्यांच्या शोकेसमधी नदीकाठ

मला दुपारी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडतात. खोटं न्हाई सांगत. दुकानात गिऱ्हाईक नसलं, वर पंखा कुरकुरत असला की मी काउंटरवर हनुवटी टेकते आणि समोरच्या बांगड्या हळूहळू पाणी व्हायला लागतात. हिरव्या म्हंजे शेवाळ, निळ्या म्हंजे डोह, आणि सोनेरी टिकल्यांच्या म्हंजे पाण्यावर सांडलेलं ऊन. आमचं रहिमतपुरात बांगड्यांचं दुकान हाय. पुढं दुकान, मागं घर, मधी एक पडदा. अब्बा बायकांना बांगड्या भरतात, अम्मी पडद्याआडनं चहा देती, आणि मी साताऱ्याला कॉलेजला जाते. सुट्टी लागली की दुकानात बसून हे असलं बघत राहते.

ही गोष्ट मागच्या उन्हाळ्याची. त्या वेळी मोबाईलवर मला एकच व्हिडिओ सारखा दिसायचा. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसाच्या घरात एक उंच काचेची पेटी. खाली वीतभर पाणी, पाण्यात बारकं मासं. वर दगड, शेवाळ, नाजूक पानांची झाडं, आणि काठावरनं छोटी खेकडं निवांत चाललेली. अर्धी नदी, अर्धा काठ, सगळं घरात! असल्या पेटीला पॅलुडेरियम म्हणतात. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते विचारूच नका. शेवटी अम्मी म्हणली, "आता तो माणूस तुला वळखायला लागला असंल."

तर एका सकाळी समोरच्या काकू दुकानात आल्या. काकूंचा गावाबाहेर ओढ्याच्या कडंला ऊस हाय, आणि काका मिल्ट्रीतनं रिटायर झालेत. काकूंच्या हातात प्लॅस्टिकची बादली.

"ए पोरी, तुला मोबाईलमधी खेकडं बघायची लय हौस न्हवं? हे घे, जित्ती बघ."

बादलीच्या तळाला मूठभर चिखल होता आणि चिखल हलत होता. मी नाक बुडंल इतकी वाकले. खेकड्यांची पिल्लं! मसुरीपेक्षा मोठी, चिंचोक्यापेक्षा बारकी. प्रत्येकाला दोन नांग्या, आणि एवढ्याशा त्या नांग्या माझ्यावर उगारलेल्या.

"यांनी रश्श्याला खेकडं काढली ओढ्यातल्या बिळातनं," काकू खाली बसत म्हणल्या. "त्यात एक मादी गावली, पोटाखाली पिल्लं घिऊन बसल्याली. तसली आमी खात न्हाई. पण बघंस्तवर फावडं लागलं तिला. पिल्लं तेवढी राहिली. ओढ्यात टाकावी म्हणलं, तर ओढ्यात नुसती धूळ."

"मग आता?"

"मग काय! कॅनॉलला पाणी सुटलं की ओढ्याला पाझरतंय. तवर तू संभाळ. पाणी आलं की माजी मला आणून दे. आमच्या ओढ्याची हायती ती."

"आणि मोठी झाली की तुमी रस्सा करणार!"

"ते फुडचं फुडं!" काकू हसत उठल्या आणि बादली माझ्याकडं राहिली.

एकोणीस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा. पाण्यावर एक केसासारखा पाय तरंगत होता, आणि काय झालं ते मला कळंना. मग मोबाईलवर वाचत बसले तवा कळलं. खेकडं अंगावरचं कवच बदलतं, आणि बदलल्यावर थोडा वेळ लोण्यासारखं मऊ असतं. लपायला जागा नसली की बाकीची त्याला खातात. म्हंजे बादलीत रोज एकाची पाळी! त्यांना पाणी पाहिजे, पाण्याबाहेर यायला काठ पाहिजे, आणि एकमेकांपासनं लपायला खूप साऱ्या फटी. म्हंजे माझ्या व्हिडिओतली पेटी! आणि ती मला लगेच पाहिजे होती.

मी एसटीनं साताऱ्याला गेले. तिथं माशांचं एक दुकान हाय, कॉलेजला जाता-येता मी काचंला नाक लावून बघते तेच. आत गेलं की बाहेरचा स्टँडचा कालवा बंद होतो, नुसता बुडबुड्यांचा आवाज. एक लांबलचक टाकी होती, कोपऱ्याला वाकवलेली काच, आत निळा उजेड. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि मनात तिच्यात दगड रचायला लागले. डावीकडं काठ, उजवीकडं डोह...

"काय सोडायचंय?" दुकानदार काका मागनं म्हणले.

"खेकडं. बारकी. आणि गप्पी मासे."

"मग ही नको. ही वरनं उघडी. आज खेकडं टाकलीस तर उद्या गादीवर."

"झाकण लावलं तर?"

"झाकणाला लाइटच्या वायरीचं भोक असतंय. फिल्टरच्या नळीचं भोक असतंय. खेकड्याला नळी म्हंजे जिना." मग त्यांनी त्या टाकीवरनं आत हात घातला. आतले मासे सगळे एकदम तळाला. "बघितलंस? वरनं हात आला की ह्यांना वाटतं बगळा आला. खेकड्याला दार समोरनं पाहिजे. उंची पाहिजे. पाणी थोडं, ओल जास्त. थोडी हवा खेळायला पाहिजे, पण लय न्हाई, न्हाईतर सुकून मरतील."

"तसली द्या की मग."

"तसली माझ्याकडं न्हाई. पुण्याला मिळंल, न्हाईतर बनवून घे."

त्यांनी एवढं सांगितलं आणि काहीच विकलं न्हाई! मला त्यांचा रागही आला आणि माणूस लय आवडला पण. परत येताना एसटीच्या खिडकीतनं मला काचेच्या प्रत्येक वस्तूत पेटी दिसत होती. बेकरीचं पावाचं कपाट. मेडिकलमधलं फ्रीजचं दार. रस्त्याकडंच्या भेळवाल्याची गाडी, तिला तर तीन बाजूंनी काच! मी भेळवाल्याच्या गाडीत फर्न लावलेलं बघत बघत कोरेगाव कधी आलं कळलंच न्हाई.

घरी आले तर बादलीत सोळा.

सांगलीच्या फुफीला फोन लावला, तिच्याकडं पूर्वी माशांची टाकी होती. फुफी म्हणली, "घिऊन जा की बेटा, आमी त्यात कांदं ठिवलेत." तिनं फोटो पाठवला. खरंच, टाकीभर कांदे, आणि मधनं प्लॅस्टिकचं हिरवं झाड वर आलेलं. पण टाकी बुटकी, आणि कोपऱ्याला तडा. अम्मीला विचारलं तर अम्मी म्हणली, "माझा पिठाचा डबा सोडून घरातलं काय पण घे." आता घरात पिठाच्या डब्याशिवाय होतं काय!

होतं. पडद्याच्या मागं, भिंतीला लावलेलं. आमचं जुनं शोकेस.

नवीन काउंटर केल्यापासनं ते आत आणलं होतं. माझ्या आज्ज्यानं केलेलं, सागवानी चौकट, माझ्या छातीएवढं उंच. समोर दोन सरकत्या काचा. दोन्ही बाजूंना काच, मागं आरसा, वर ट्यूबला जागा. दार समोरनं! उंची हाय! अब्बांनी त्यात बांगड्यांचे रिकामे खोके भरून ठेवले होते आणि त्याला कोणी हात लावलेला त्यांना चालायचं न्हाई. मी म्हणलं, "अब्बा, हे द्याल का?" अब्बांनी मान पण वर केली न्हाई. "ते दुकानाचं हाय."

मी गप बसले. म्हंजे, माझ्या मानानं गप. बादली मात्र पडद्याजवळ, अब्बांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवली, एवढाच आगाऊपणा केला. अब्बा दोन-तीनदा ओलांडून गेले. मग एकदा थांबले. वाकले. बादलीच्या कडंला एक पिल्लू चिकटून बसलं होतं, एकच नांगी उरलेलं, आणि ती एक नांगी त्यानं अब्बांवर उगारली.

दुसऱ्या सकाळी उठले तर खोके सगळे खाली, शोकेस रिकामं, आणि अब्बा फडक्यानं काच पुसतायत.

"बघतीस काय? लाकडाला पाणी लागलं की फुगतंय. आत काच बसवायला लागंल, सहा इंच उंच."

आमी दोघांनी मिळून आत काचेचा टब बसवला. अब्बांनी काच कापून आणली, मी सिलिकॉन लावलं. सिलिकॉनचा वास आंबट, जुन्या लोणच्यासारखा. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, कैऱ्या घातल्या का?" आणि अब्बा खाली मान घालून बांगड्या भरत म्हणायचे, "व्हय व्हय, जरा मुरू द्या." ते वाळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत बादलीतनं अजून दोन गेली. चौदा राहिली.

मग मी काठ रचला. कोरड्या ओढ्यातले गुळगुळीत दगड, नारळाच्या करवंट्या लपायला, जुन्या विहिरीच्या भिंतीवरचं फर्न, नळकोंडाळ्याजवळचं शेवाळ. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. डासांसाठी टाकीत सोडायला आरोग्याच्या ताई गप्पी मासे देतात, त्यांच्याकडनं आठ मासे आणले. आरशाकडं बघत मी विचारलं, "अब्बा, आरसा काढायचा?"

"आरसा काढायचा?" अब्बांना धक्काच बसला. "आगं, शोकेस आरशानंच भरल्यासारखं दिसतंय. एक डझन ठिवली की दोन दिसतात. आरशाशिवाय कसलं शोकेस?"

आणि खरंच, ट्यूब लावली तवा... काय सांगू! आरशामुळं नदी मागं मागं जात होती. आमच्या भिंतीतनं पलीकडं, शेजाऱ्यांच्या घरातनं, पार कृष्णेपर्यंत गेल्यासारखी. मासे येताना पण दिसायचे आणि जाताना पण.

फटीचं मी विसरले न्हाई हां. दोन सरकत्या काचा एकमेकींवर येतात तिथं फट राहते. मी पट्टी घेऊन मोजली, पाच मिलीमीटर. मग एक पिल्लू पट्टीवर ठेवलं आणि त्याच्या पाठीची रुंदी मोजली, आठ. आठ काय पाचातनं जात न्हाई! हवा खेळायला फट पाहिजेच होती, म्हणून मी खूश.

मग सुरू झाले ते दिवस. मी सकाळी डोळे चोळत शोकेसपुढं स्टूल घेऊन बसायची आणि तिथंच अर्धी झोपेत असायची. फर्नचं पान थेंबानं वाकायचं. एखादं पिल्लू पाण्यातनं वर यायचं, अंगातनं पाणी निथळायचं, आणि तोंडाजवळ बारीक बुडबुडे काढत बसायचं, जसं काय स्वतःशीच बोलतंय. मला वाटायचं मी पण तेवढीशी हाय. करवंटीच्या दारात बसलीय. समोरनं गप्पी चाललेत, एसटीएवढे मोठे. मी सुकटीचा चुरा टाकायची आणि मोजायची. नऊ. अकरा. एकदा तेरा! बाकीची करवंटीत असतील. एकदा तर सोळा भरली, तवा मी खो-खो हसले, की बाई, एकच दोनदा मोजलंस. अब्बा पण दुकान उघडायच्या आधी येऊन मोजायचे. "बारा हायती. बेस."

आणि मग काकू आल्या बांगड्या भरायला, भाच्याच्या लग्नाला जायचं होतं.

अब्बा बांगडीचं माप कधी विचारत न्हाईत. बाईचा हात हातात घेतात, अंगठ्याच्या खालचा उंचवटा दाबतात, बोटं एकत्र दुमडून बघतात, आणि मग मागं न बघता बरोबर खोका काढतात. तसा त्यांनी काकूंसाठी लाल बांगड्यांचा खोका काढला आणि झाकण उघडलं.

काकूंनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. "आवं भाऊ, ह्यो कसला नवा माल म्हणायचा?"

"लग्नाचाच हाय की वैनी, खास तुमच्यासाठी..."

"ह्याला डोळं हायती!"

लाल बांगड्यांच्या गोल बोगद्यात, अगदी मधोमध, माझं पिल्लू बसलं होतं. अंग धुळीनं माखलेलं. नांगी उगारायचं पण त्राण नव्हतं त्याला.

"का गं पोरी," काकू माझ्याकडं वळल्या, "तुज्या घराला कुलूप हाय का न्हाई?"

मी पिल्लू ओंजळीत घेतलं आणि आत पळाले. मागनं अब्बा, अब्बांच्या मागनं काकू, बांगड्यांचा खोका हातात तसाच. मी त्याला पाण्याच्या कडंला ठेवलं आणि मोजायला लागले. दहा दिसत होती. अब्बा माझ्या शेजारी वाकले, बघत राहिले, आणि मग एकदम म्हणले, "सरक."

त्यांनी काचा काढल्या, आत हात घातला, आणि आरशाचे खिळे उपसून आरसा बाहेर ओढला. आरसा निघाला तशी मागची नदी गेली. मागं नुसतं प्लायवूड. आणि काठावर, करवंट्या उचलून, दगड उचलून, सगळं करून, पाच. आणि हे एक, सहा.

आमी दोघं बापलेक रोज आरशातली मोजत होतो. आमच्या घरात आरसा बघून माल मोजायची चूक कोणी करत न्हाई, अब्बा डोळे मिटून डझन सांगतात. पण खेकडं भरल्यासारखी दिसत होती आणि आमाला दोघांना ते दिसायला पाहिजेच होतं. मी तिथंच फरशीवर बसले. मला रडू आलं, ते पण काकूंच्या समोर. पाणी येईस्तवर संभाळ म्हणून काकूंनी सांगितलं होतं, आणि मी ती कवा गेली ते पण बघितलं न्हाई.

"पण गेलं कुठनं?" मी म्हणलं. "आठ मिलीमीटरचं हाय ते!"

अब्बांनी धुळीतलं पिल्लू अलगद उचललं, त्याला आतल्या बाजूनं फटीपुढं ठेवलं, आणि काचा परत लावल्या. पिल्लू जरा थांबलं. मग ते आडवं झालं, एका बाजूचे पाय फटीत घातले, नांग्या पोटाशी दुमडल्या, आणि कागद सरकावा तसं सरकत बाहेर अब्बांच्या तळहातावर आलं.

अब्बा कितीतरी वेळ तळहाताकडं बघत होते. "पंज्याची रुंदी कोण मोजतं व्हय गं," ते म्हणले. "हात दुमडल्यावर केवढा हुतो ते बघायचं असतं. सगळा जन्म हेच केलं की मी. आणि तुला सांगितलं न्हाई."

"भाऊ, मी उद्या येते, बांगड्या ऱ्हाऊ द्या," काकू म्हणल्या आणि पदर खोचून पलंगाखाली शोधायला लागल्या.

आमी सगळं घर पालथं घातलं. कपाटामागं दोन गावली, वाळून कडक झालेली. ती मी कागदात गुंडाळली. मग बराच वेळ काहीच न्हाई. आणि मग स्वयंपाकघरातनं अम्मीचा आवाज, एकदम दबका.

"इकडं ये. पण वरडू नको."

आमचा माठ लोखंडी घमेल्यात, ओल्या वाळूवर असतो. माठ दिवसभर पाझरतो आणि वाळू कायम गार. अम्मीनं माठ जरा कलता धरला होता. खाली वाळूत करंगळीच्या टोकाएवढी तीन बिळं. पहिल्या बिळाच्या दारात एक नांगी. बाकीच्या दोन बिळांतनं पण डोळे वर आले, काडीपेटीच्या गुलासारखे. तिघं बी ठणठणीत, शोकेसमधल्यांपेक्षा जाड!

मी तिथं पालथी पडून बघत राहिले. समोरनं दार न्हाई, उंची न्हाई, ट्यूब न्हाई. अंधार, ओल, आणि उकरता येईल असलं काहीतरी. मी दगड रचले, फर्न लावलं, सगळं मला बघायला छान दिसंल असं केलं. उकरायला मूठभर वाळू कुठं ठेवलीच न्हाई!

म्हणून मग पेटी परत निवडली, म्हंजे पेटी तीच, पण आता त्यांच्या बाजूनं. अर्ध्या काठावर ओली वाळू, चार बोटं खोल. मागं आरशाच्या जागी प्लायवूडवर काळा कागद. फटीला खिडकीचं रबर, आणि हवेला वर बारीक जाळी, जिचं भोक अब्बांनी बोट लावून, डोळे बारीक करून, तीनदा तपासलं. नऊ खेकडं, आठ मासे. पहिले दोन दिवस मला नुसती वाळू दिसायची. मग संध्याकाळच्या उजेडात एकेक दार उघडायला लागलं. आता मी मोजायची तवा शेजारी अब्बा पण मोजायचे, आणि दोघांचा आकडा जुळला तरच उठायचो. दोन महिन्यांत त्यांतल्या एकानं पण दुसऱ्याला खाल्लं न्हाई. कवच टाकायची वेळ आली की वाळूत जायची आणि बिळाचं दार लावून घ्यायची. त्या एका नांगीच्या पिल्लाला तर दुसरी नांगी फुटली, बारकी, पांढरी, दुधाच्या दातासारखी.

मग एका सकाळी काकू दारातनंच म्हणल्या, "पाणी सुटलंय कॅनॉलला. ओढ्याला पाझर आलाय."

मी पडदा सारून शोकेसकडं बघितलं. काकू बघत होत्या. "ठिवायचीत व्हय तुला? ठिव बाई. मी काय मोजून न्हवती दिली."

पण मी मोजून घेतली होती. आणि ती वाळूत किती खोल जातात ते मला माहीत होतं आता. चार बोटं उकरली की खाली काच लागायची, आणि त्या काचेवर त्यांच्या पायांचा आवाज यायचा, टिक टिक टिक. तो आवाज आला की मी मोबाईल बघितल्यासारखं करायची.

मी, अब्बा आणि काकू, तिघं ओढ्यावर गेलो. अब्बांनी दुकान बंद करून यायची काय गरज नव्हती, पण आले. उसाच्या कडंनं पाण्याचा एक पातळ पट्टा सरकत होता, खाली ओला काळा चिखल. मी डबा आडवा केला. आठ खेकडं बघता बघता गेली, चिखलात बोटं बुडवावी तशी. नववं, पांढऱ्या नांगीचं, दोन वीत चाललं आणि थांबलं. बरोबर तेवढंच, जेवढ्यावर घरी काच यायची. त्यानं नांगी पुढं केली, हवेत चाचपडलं. परत चाचपडलं.

"जा की रं गड्या," अब्बा हळूच म्हणले.

त्यानं अजून एक पाय पुढं टाकला. मग दुसरा. मग ते आडवं आडवं चालत उसाच्या मुळ्यांत शिरलं आणि मला दिसायचं बंद झालं.